पुठ्ठ्यावरचे ठिपके

आण्णांनी पुठ्ठा उलगडून गॅरेजच्या फरशीवर पसरला. फ्रिजच्या खोक्याचा असावा. त्यावर काळे ठिपके पडलेले आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी बॉलपेननं तारीख घातलेली. नोव्हेंबरातला ठिपका करंगळीच्या नखाएवढा. जानेवारीतला रुपयाच्या नाण्याएवढा. फेब्रुवारीच्या अखेरीस तारखा थांबल्या होत्या, कारण तिथून पुढं ठिपका असा उरलाच नव्हता, नुसतं थारोळं होतं.

"ही हिची कुंडली," आण्णा म्हणाले.

गॅरेजचे मिस्त्री चाचा. त्यांनी पुठ्ठा उचलून नाकाशी नेला, वास घेतला आणि परत ठेवला. "इंजिन ऑइलच हाय," एवढंच बोलून ते पुन्हा चहाकडं वळले.

मी खरं तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंगवाल्यांवर लिहायला गेलो होतो. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, त्या गावात लेथवरच्या माणसांची गोष्ट मिळायला वेळ लागत नाही. पण एका कारखान्यात वीज गेली, वेळ काढायला शेजारच्या ट्रक-गॅरेजात शिरलो, आणि पुढचे चार दिवस तिथंच गेले. दसरा होऊन आठवडा झाला होता. खंडेनवमीला पान्यांच्या फळीवर घातलेल्या झेंडूच्या माळा वाळून तशाच लोंबत होत्या. साखर कारखान्यांची धुराडी पेटायला पंधरा-वीस दिवस उरलेले. उसाच्या गाड्या त्याआधी ठाकठीक करून घ्यायच्या, त्यामुळं गॅरेजबाहेर रांग होती. आण्णांची गाडी रांगेत चौथी.

गाडी म्हणजे पंचविशी ओलांडलेला सहाचाकी ट्रक. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. हंगामात ऊस, हंगामाबाहेर खडी आणि विटा, अशी पाव शतक ओढलेली गाडी गळायला लागली तर त्याचा बोल बनवणाऱ्याला लावणं बरं नव्हे. आण्णा तिचे मालकही आणि ड्रायव्हरही. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग करून घ्यावं लागतं. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची ही फी २०२२च्या एप्रिलपासून चांगलीच वाढली. पासिंगच्या दिवशी खालून तेल ठिबकत असलं की साहेब लोक वाकून बघतात, आणि एकदा वाकले की त्यांना आणखी पुष्कळ काही दिसतं.

गळतीचा इतिहास आण्णांनी एका दमात सांगितला. गेल्या हंगामाच्या तोंडावर इंजिनच्या मागच्या अंगाला, बेल हाऊसिंगखाली थेंब दिसायला लागले. डिसेंबरात हायवेवरच्या एका गॅरेजात गिअरबॉक्स उतरवून रिअर सील बदललं. आठ दिवस बरे गेले. जानेवारीत दुसरीकडं नेली. तिथं पुन्हा गिअरबॉक्स उतरला, पुन्हा सील, त्याला जोडून नवी क्लच प्लेट, टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं नवं पॅकिंग, चेंबरलाही, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्यालाही नवं पॅकिंग. पंधरा दिवस. मग कुणीतरी चेंबरचे सगळे बोल्ट जीव खाऊन आवळून दिले. मग कुणीतरी तेलात ओतायची 'गळती बंद' बाटली दिली. असल्या बाटलीतलं औषध वयानं कडक झालेलं रबर थोडं फुगवतं आणि मऊ करतं. नव्याकोऱ्या सीलला ते काय करणार? दोन गॅरेजांचं मिळून बावीस हजारांचं बिल झालं होतं.

सगळ्यांनी रिअर सीललाच का धरलं, हे समजायला इंजिनच्या ढुंगणाकडं बघावं लागतं. शब्द चाचांचा आहे, मी बदललेला नाही. क्रँकशाफ्ट जिथं मागच्या भिंतीतून बाहेर येतो आणि त्याला फ्लायव्हील बसतं, तिथं शाफ्टभोवती रबराची गोल कडी असते. तेच रिअर सील. कडीच्या आतल्या अंगाला पातळ ओठ असतो आणि त्या ओठाला शाफ्टवर हलकेच टेकवून धरणारी बारीक स्प्रिंगची माळ. जुन्या कित्येक इंजिनांत रबराऐवजी ग्रॅफाइट लावलेली दोरी असायची. शाफ्ट वर्षानुवर्षं एकाच जागी फिरला की ओठाखाली पोलादालाही चर पडतो. मग नवं सील त्याच चरात बसवलं तर ते पहिल्या दिवसापासून गळणार. जाणता मिस्त्री सील दोन मिलिमीटर मागंपुढं बसवतो, नाही तर शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवतो. जानेवारीतल्या गॅरेजवाल्यानं स्लीव्ह चढवली होती. काम चोख होतं, फक्त दुखत होतं दुसरीकडं.

सीलच्या मागं क्लच, आणि त्यावर बेल हाऊसिंगचं टोपलं. टोपल्याच्या तळाला एक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सील गळलंच तर तेल क्लच प्लेटवर न साचता खाली पडावं, हा हेतू. त्यामुळं त्या भोकापाशी थेंब दिसला की कुणीही सीलचंच नाव घेतं. सील बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं खाली. दोन माणसांचा अख्खा दिवस. गॅरेजवाल्याला ते परवडतं, कारण बिलात लिहायला पुष्कळ काही मिळतं. यात लबाडीच असते असं नाही. गिऱ्हाईक समोर उभं असतं, हंगाम चालू असतो, आणि "आज नुसतं बघतो, उद्या सांगतो" असं म्हणणाऱ्या मिस्त्रीकडं कुणी गाडी ठेवत नाही.

थेंब थेंब म्हणून माणूस दुर्लक्ष करतो, त्याचाही हिशेब मी तिथंच बसून मांडला. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर. इंजिन चालू असताना दर दहा सेकंदाला एक थेंब धरला तर तासाला ३६० थेंब, म्हणजे १८ मिलिलिटर. दहा तास गाडी चालली तर १८० मिलिलिटर. पंचवीस दिवसांत साडेचार लिटर. एवढ्या मोठ्या इंजिनात तेलच दहा-पंधरा लिटर असतं. आण्णा महिन्याला पाच लिटरचा कॅन ओतत होते, तेव्हा हिशेब फार चुकला नसावा. हे तेल रस्त्यावर जातं. घाटातल्या वळणावर वळवाचा पहिला पाऊस पडला की दुचाकीवाले ज्यावर घसरतात, त्यात त्याचा वाटा असतो. गॅरेजात गोळा झालेलं काळं तेल निदान विकलं तरी जातं. २०१६च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे आणि परवानाधारकाकडंच जायला हवा. प्रत्यक्षात त्यातलं बरंच सेंट्रिंगच्या प्लेटांना फासलं जातं, हे कुठल्याही बांधकामावर नजर टाकली तरी दिसतं.

आण्णांची पाळी आली तेव्हा चाचांनी पाना उचलला नाही.

"आधी आंघोळ," ते म्हणाले.

पहिला सबंध दिवस धुण्यात गेला. गॅरेजातल्या पोरानं डिझेल आणि ब्रश घेऊन इंजिन वरपासून खालपर्यंत घासलं. पाव शतकाचा थर होता. तेलात माती, मातीत उसाचं पाचट, त्यावर पुन्हा तेल. काही ठिकाणी स्क्रूड्रायव्हरनं खरवडावं लागलं, आणि एका खपलीखालून मुळात पिवळा असलेला रंग निघाला तेव्हा आण्णांना जुना मित्र भेटल्यासारखं झालं. "इकत घेतली तवा अशी हुती," असं ते दोनदा म्हणाले. मग पाण्याचा मारा, मग हवेचा. संध्याकाळी इंजिन लग्नाला निघाल्यासारखं दिसत होतं. मागच्या दोन्ही गॅरेजांनी हे केलं होतं का, असं मी विचारलं. आण्णा म्हणाले, "खालचं पुसलं हुतं की."

या एका वाक्यात सगळी मेख होती. इंजिनवर तेलाच्या दोनच वाटा असतात: खाली, वजनानं. आणि मागं, पंख्याच्या आणि धावत्या गाडीच्या वाऱ्यानं. पुढं वरच्या कोपऱ्यात पाझरलेलं तेल कडेकडेनं, बोल्टांच्या डोक्यांवरून उड्या मारत मागच्या तळाला येऊन ठिबकतं. त्यामुळं सगळ्यात ओली जागा हा पुरावाच नसतो. चाचा याला "गळक्या घराचा न्याय" म्हणतात. कौल फुटलेलं असतं आढ्याला, पाणी वाशावरून वाहत येतं आणि पडतं सासूच्या अंथरुणावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी घरून नातवाच्या पावडरीचा डबा आणला. त्यांच्या मुलानं तेलात मिसळायचा, निळ्या-जांभळ्या बॅटरीखाली चमकणारा रंग मागवून ठेवला आहे. नव्या गाड्यांना तो वापरतातही. पण जुन्या इंजिनवर सगळीकडंच थोडं थोडं पाझरत असतं आणि सगळंच चमकायला लागतं, हे चाचांचं मत. पावडर कोरडी असते. तेल लागलं की त्या जागी ती काळवंडते आणि ओघळाची वाट रेघेसारखी उमटते. टॅपेट कव्हरपासून चेंबरपर्यंत डबाभर पावडर फवारली. मग तारेला पांढरी चिंधी गुंडाळून बेल हाऊसिंगच्या त्या बदनाम भोकातून आत फिरवली, आणि तीच तार बाजूला जपून ठेवली.

अर्धा तास इंजिन आयडलवर. काही नाही. मग रेस वाढवून वीस मिनिटं. तरी कोरडं. आण्णांचा चेहरा पडला, चाचांचा उजळला. फिल्टर, प्रेशर स्विच, कुठला प्लग किंवा पाइप गळत असता तर या वेळेपर्यंत धार लागायला हवी होती. तिथं तेल पंपाच्या जोरावर चालतं. तीन-चार बारचा दाब आणि तापलेलं तेल. मग ते कोण रोखणार? १५डब्ल्यू-४० तेल ४० अंशांवर जेवढं घट्ट असतं, त्याच्या सातव्या हिश्श्याएवढंच १०० अंशांवर उरतं. उभ्या गाडीला ही गळती लागत नव्हती, याचा अर्थ दाबाच्या वाटा सगळ्या सुटल्या.

"आता हिला घाम फोडाय पायजे," चाचा म्हणाले.

शेजारच्या क्रशरवरून खडी भरून घेतली आणि रत्नागिरी रस्त्याला वाघबीळचा चढ गाठला. केबिनमध्ये आम्ही चौघं. दुसऱ्या गिअरात इंजिन कण्हत होतं, बॉनेटमधून पावडरीचा वास येत होता, मुलाच्या बारशाला निघाल्यासारखा. चढ संपल्यावर इंजिन चालूच ठेवून चाचांनी बॉनेट उघडलं आणि मला बोलावलं. टॅपेट कव्हरच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातून एक काळी रेघ निघाली होती. हेडच्या कडेवरून ती मागं सरकली होती, ब्लॉकच्या पाठीवरून खाली उतरली होती, बेल हाऊसिंगच्या जोडावर आली होती आणि त्या जोडाच्या गोलाईला धरून थेट तळाच्या भोकापाशी पोचली होती. बाहेरून. पोरानं गाडीखाली शिरून पुन्हा चिंधीची तार आत फिरवली. चिंधी धुळीनं मळली, तेलानं नाही. बावीस हजारांचं सील आत ठणठणीत होतं.

मी असतो तर इथं थांबलो असतो. कोपऱ्यातून गळतंय, पॅकिंग बदला, चला घरी. आण्णाही तेच म्हणाले. चाचा मात्र रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि विडी पेटवून गाडीच्या खालच्या अंगाकडं बघत राहिले.

"जानेवारीत नवीन पॅकिंग घातलंय. टॅपेट कव्हरखाली प्रेशर नसतंय. मग ते तेल ढकलतंय कोण?" थोड्या वेळानं त्यांनी बोट दाखवलं. "आन् ते बघा. हिच्या ब्रीदरचं तोंड कोरडं कसं?"

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला थोडा वायू त्यांच्या कडेनं खाली चेंबरमध्ये उतरतोच. जुन्या इंजिनात जास्त. गॅरेजवाले त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. तो बाहेर पडायला ब्रीदर असतो. आताच्या नव्या इंजिनांत ही हवा परत आत ओढून जाळतात. जुन्या ट्रकांत मात्र ब्रीदरची नळी सरळ रस्त्याकडं तोंड करून सोडलेली असते. चढ चढून आलेल्या पंचविशीच्या इंजिनाच्या या नळीतून धुराची बारीक फुंकर यायला हवी आणि तोंड तेलानं चिकट असायला हवं. इतके महिने सगळ्यांनी ओल्या जागा शोधल्या होत्या. जी जागा ओली असायलाच हवी तिच्या कोरडेपणाकडं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

चाचांनी फडक्यात धरून तेल ओतायचं झाकण फिरवलं आणि तोंडावर उलटं ठेवून दिलं. झाकण टुणकन उडून खाली पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा उडालं. हाच प्रयोग त्यांनी सकाळी थंड इंजिनावर केला होता तेव्हा झाकण नुसतं थरथरलं होतं. मग पोरानं ब्रीदरची नळी वरच्या टोकाला सोडवली. भसकन धूर निघाला आणि झाकण जागच्या जागी बसलं.

इंजिनाच्या पोटात दाब जवळजवळ नसतोच, हे गृहीत धरून सगळी सीलं आणि पॅकिंगं केलेली असतात. रिअर सीलचा तो पातळ ओठ असो की टॅपेट कव्हरचं पॅकिंग, तेल अंगावर उडालं तर त्यांनी अडवायचं, एवढीच त्यांची नोकरी. आतून कुणी फुगवायला लागलं तर त्यातलं जे सगळ्यात कमकुवत ते आधी वाट देतं. ते बुजवलं की दुसरं.

नळी गॅरेजात आणून ब्लेडनं उभी चिरली. बाहेरून धडधाकट, आतली भिंत चहात बुडवलेल्या पावासारखी फुगलेली. थंड असताना मधून करंगळी जाईल एवढी फट दिसत होती. जानेवारीतल्या मिस्त्रीनं ब्रीदर फुंकून बघितला होता म्हणे, आणि वारं आरपार गेलं होतं. जाणारच. नळी तापली, मऊ पडली, की आतल्या आत दुमडून बंद होत होती.

चाचांनी तो तुकडा चिमटीत चुरगळला. "ही ब्रीदरची नळीच न्हवं. रेडिएटरची हाय."

रबर रबरात फरक असतो. रेडिएटरच्या नळीचं रबर बहुधा ईपीडीएम जातीचं. गरम पाण्याला ते वर्षानुवर्षं दाद देत नाही, पण खनिज तेलाची वाफ लागली की पिऊन फुगतं. तेलासाठी नायट्राइल रबर लागतं. ते १९३०च्या दशकात जर्मनीत तयार झालं, आणि तेलाला तोंड देणं हाच त्याचा गुण. दिसायला दोन्ही काळी, दोन्ही गोल. ज्या कुणी ही नळी बसवली त्याच्याबद्दल चाचा काहीतरी बोलणार तेवढ्यात आण्णा म्हणाले,

"मीच घातलीय ती."

गेल्या वर्षी ऑक्टोबरात, रात्री, पेठ नाक्याजवळ. जुनी ब्रीदरची नळी घासून फाटली होती. टूलबॉक्समध्ये रेडिएटरच्या नळीचा तुकडा होता. मापात बसला. क्लिप आवळली. महिनाभर ते सगळ्यांना सांगत होते की फुकटात काम भागवलं. नोव्हेंबरात पुठ्ठ्यावर पहिला ठिपका पडला.

कुणी हसलं नाही. पोरगं हसणार होतं, चाचांनी त्याला चहा आणायला पिटाळलं.

तिसरा दिवस कामाचा. खरी नळी आली, टॅपेट कव्हरला नवं पॅकिंग. चेंबर मात्र उतरवावाच लागला, कारण आवळून आवळून कॉर्कचं पॅकिंग जिभेसारखं बाहेर आलं होतं आणि पत्र्याची कड प्रत्येक बोल्टापाशी वर उचलली गेली होती. चाचांनी कड लाकडावर ठेवून हलक्या हातोडीनं सरळ केली. अर्धा तास नुसती टकटक. कॉर्कला दाबायचं नसतं, टेकवायचं असतं. बोल्ट मधून कडेला, आलटून पालटून, थोडे थोडे. आत तेलपंपाच्या जाळीत कुणीतरी सढळ हातानं लावलेल्या सिलिकॉनच्या शेवया अडकल्या होत्या. जाळी निम्मी भरली होती. एक हंगाम आणखी गेला असता तर बेअरिंगांना तेल मिळालं नसतं आणि इंजिन जागेवर बसलं असतं. गळतीनं जे झालं नसतं ते गळतीच्या उपचारांनी झालं असतं.

शेजारी एक ६९७ इंजिन सुटं पडलं होतं, जेवणाच्या सुट्टीत त्यावर पाय ठेवून आम्ही बसलो होतो. हा आकडा म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. टाटांनी १९५४ ते १९६९ मर्सिडीज-बेंझच्या साथीनं ट्रक काढले, त्या घराण्यातलं हे इंजिन. १६१३ म्हणजे सोळा टन आणि १३० अश्वशक्ती, १२१० म्हणजे बारा टन आणि १००. कागदावर काही नसलं तरी गाडीच्या नावातूनच मिस्त्रीला तिची ताकद कळायची. पोरगं हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होतं. त्यानं ६९७च्या बोअरमध्ये हात घालून बघितला.

बिल चाचांनी शाळेच्या वहीच्या पानावर लिहिलं. नळी १८० रुपये, पॅकिंगं ६५०, डिझेल, चेंबरची मजुरी. पावडर लिहिली नाही. मी विचारलं, दोन दिवस नुसतं शोधलंत, त्याचे किती? "बघायचं पैसं कोण देत न्हाई, साहेब. सील बदललं की देत्यात." आण्णांनी बिलापेक्षा पाचशे जास्त काढून ठेवले. चाचांनी त्यातले दोनशे परत केले.

संध्याकाळी खडीसकट पुन्हा वाघबीळ. झाकण उलटं ठेवलं, हललं नाही. ब्रीदरच्या तोंडाशी निळसर फुंकर, आणि बोट लावलं तर चिकट. रात्री गाडीखाली नवा पुठ्ठा सारला.

चौथ्या दिवशी मी साडेसातला पोचलो, तर आण्णा माझ्याआधी येऊन उकिडवे बसले होते. पुठ्ठा स्वच्छ. फक्त मागच्या कडेला, एका कोपऱ्यात, एक ठिपका. करंगळीच्या नखाएवढा.

चाचांनी बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला, वास घेतला आणि बोट माझ्या नाकापुढं धरलं. सडक्या कांद्यासारखा, गंधकाचा वास.

"हे गिअर ऑइल. दोनदा उतरवलाय न्हवं तो गिअरबॉक्स? त्याचं हाय. माझं न्हवं."

आण्णांनी खिशातून बॉलपेन काढलं आणि ठिपक्याशेजारी तारीख घातली.